कौलखेड सोडताना झालेला माझा सत्कार

सांगू की नको, सांगू की नको करत दुसरा चहा संपत आला. आता सांगूनच टाकतो. फक्त एक अट आहे. हसायचं तर तोंडावर हसा, माघारी हसू नका. माघारी हसायला आमचं अख्खं कौलखेड बसलेलं आहे.

घर हलवताना लोकांचं काय काय फुटतं! कोणाची बरणी, कोणाचा आरसा, कोणाच्या टीव्हीची काच. आम्ही अकोल्याहून अमरावतीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा एक बशीसुद्धा फुटली नाही. फुटलं ते फक्त माझं बिंग. आणि तेही माइकवर!

त्याचं असं झालं. मी सरकारी ऑफिसात बाबू. अकोल्यात कौलखेडच्या एका कॉलनीत आम्ही अकरा वर्षं राहिलो. मग बदली आली, नांदगाव पेठची. अमरावतीत कठोरा नाक्याकडं भाड्याचा फ्लॅट पाहिला, रविवारी सकाळी आठचा मेटाडोर ठरवला. पोरगी पुण्याला शिकते, म्हणजे सामान बांधायला आम्ही दोघंच. मी आणि माझी बायको छाया.

दोघंच, ही आपली माझी समजूत. पहिला खोका उघडला आणि बेल वाजली.

"वैनी हायेत का?"

आहेत म्हटलं. शेजारची बाई आत आली, छायाच्या गळ्यात पडली आणि जी रडायला लागली! मला वाटलं कोणी गेलं-बिलं की काय.

"तुमी चाल्ल्या वैनी, आता आमाले कोन हाय इथं?"

कोण आहे म्हणजे? तुमचा नवरा आहे, दोन पोरं आहेत, सासू आहे! पण मी आपला चिकटपट्टीचं टोक शोधत बसलो.

ती गेली, दुसरी आली. दुसरी गेली, एकदम तिघी आल्या. कोणी साडी आणली, कोणी कुरडया, कोणी काडीवर वळलेल्या सरगुंड्यांचा डबा. संध्याकाळचा स्वयंपाक तर त्या आठवड्यात आमच्या घरी झालाच नाही. आज ह्यांच्याकडून वांग्याची भाजी, उद्या त्यांच्याकडून झुणका. भाजीवाली गाडा थांबवून डोळे पुसत होती. सिलिंडरवाला सिलिंडर खाली ठेवून म्हणतो, "ताई, तुमच्या हातचा चहा आता भेटनार नाही." माझ्या बायकोच्या हातचा चहा हा कधी प्यायला, हे मला त्या दिवशी कळलं!

आणि माझ्यासाठी? माझ्यासाठीही लोक आले, नाही असं नाही. दोन जण. पहिला म्हणाला, "साहेब, आमची शिडी तुमच्याकडंच हाय ना? बांधाबांधीत चालली नको जायाले." दुसरा म्हणाला, "साहेब, तुमी गेल्यावर तुमची पार्किंगची जागा मले भेटन का?"

आता तुम्हीच सांगा, पोटात आग पडेल की नाही? बायकोला लोक चांगलं म्हणतात तर नवऱ्यानं खूश व्हावं, हे मलाही कळतं. पण अकरा वर्षं मीही त्याच घरात राहिलो होतो ना! कॉलनीचा सचिव होतो मी दोन वर्षं. पाण्यासाठी नगरसेवकाला अर्ज कोणी लिहिले? मी. कॉलनीभर सुंदर अक्षरात पाट्या कोणी लावल्या? मी. 'येथे गाडी लावू नये.' 'येथे कचरा टाकू नये.' 'येथे बसू नये.' एवढं करून माझ्यासाठी काय? शिडी!

मी इतका जळालो, इतका जळालो, की छायाला आलेल्या साड्यांच्या खोक्यावर मी माझ्या त्याच सुंदर अक्षरात 'किरकोळ' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी मी कपडे वाळवायची दोरी सोडायला गच्चीवर गेलो. खाली फाटकाशी आमच्या कॉलनीचे अध्यक्ष देशमुख काका दोघातिघांना घेऊन उभे होते. रिटायर मास्तर माणूस, कुजबुजले तरी चौथ्या घरापर्यंत ऐकू जातं.

"उद्या सकाळी धा वाजता. लिंबाखाली खुर्च्या टाकू."

"माइक पाह्यजे का काका?"

"म्हंजे काय! अकरा वर्षं राह्यला मानूस आपल्यात. तो चाल्ला अन् आपन असंच जाऊ द्याचं का त्याले? शाल, नारळ, हार, सारं झालं पाह्यजे."

"खरं हाय. पान्यासाठी लय जीव टाकला बिचाऱ्यानं."

"अन् हे पाहा, त्याले कानोकान खबर लागू देऊ नका. सांगतलं तं येनारच नाही. लाजते तो."

माझ्या हातातली दोरी गळून पडली. अकरा वर्षं! चालला! पाणी! आणखी काय पाहिजे? नाव तेवढं घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरज कुठं होती? लाजतो म्हणाले, तिथं मी क्षणभर अडखळलो. मी लाजतो? मग विचार केला, लाजत असेन. माणसाला स्वतःचे गुण कुठं दिसतात!

खाली आलो तेव्हा मी वेगळाच माणूस होतो. छाया सुतळीनं पातेल्यांचा गठ्ठा बांधत होती.

"काहून हसून राह्यले?" तिनं विचारलं.

"काही नाही. साड्या तं कोनीही देते."

"म्हंजे?"

"साडी कपाटात राह्यते. शाल खांद्यावर राह्यते."

"ऊन लागलं काय जी तुमाले?" असं म्हणून ती पुन्हा पातेल्यांकडं वळली.

मी बाहेर जाऊन पहिला फोन केला मेटाडोरवाल्याला. म्हटलं, रविवारी आठला नको, एक वाजता ये.

"साहेब, मेटाडोर हाय का पाळना?" तो तिकडून खेकसला. "तुमी म्हनान तवा हलवाचा?"

त्याला कसंबसं पटवलं. मग सफारी शोधायला लागलो. पिस्ता रंगाची सफारी आहे माझी, मेहुण्याच्या लग्नात शिवलेली. 'कपडे १' फोडलं, नव्हती. 'कपडे २' फोडलं, नव्हती. तीन दिवस खपून बांधलेली अकरा खोकी मी दुपारपर्यंत फोडली. शेवटी सफारी सापडली. मिक्सरला गुंडाळलेली! छायानं मिक्सर फुटू नये म्हणून ती वापरली होती.

"आता सफारी कायले पाह्यजे?" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "सामान उचलाचं हाय का नवरदेव बनाचं हाय?"

मी गूढ हसलो. मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागं भाषण लिहिलं. सुरुवात अशी होती, 'मी काही फार मोठं केलं नाही...' ही ओळ मी पाच वेळा खोडून पुन्हा लिहिली, कारण ती लिहिताना मलाच पटत नव्हती.

रविवारी छाया नऊलाच खाली गेली. म्हणाली, बायांसोबत काम आहे. मी मनात म्हटलं, जा, मांड माझ्यासाठी खुर्च्या! कोणी बोलावलेलं नसतानाही बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी मी उतरलो. सत्कारमूर्तीनं वेळेवर जाऊ नये, शोभत नाही.

लिंबाखाली सगळी कॉलनी जमली होती. पुढं टेबल, टेबलावर शाल आणि हार, मागं तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर लाल चादर टाकलेली.

"अरे, तायडे साहेब!" देशमुख काका मला पाहून चकित झाले. "तुमची तं सकाळीच गाडी होती ना? वैनी म्हनल्या, एकची केली. काहून गेले नाही?"

"कसा जाईन काका?" मी डोळा मारला.

काका माझ्याकडं पाहतच राहिले. मला वाटलं, काय ॲक्टिंग करतो म्हातारा! आणि मी सरळ जाऊन त्या लाल चादरीवर बसलो.

समोर सोमलाल उभा होता. सोमलाल म्हणजे आमच्या कॉलनीचा वॉचमन. फाटकाजवळच्या खोलीत राहायचा, बोअरची मोटर चालवायचा, आळीपाळीनं सगळ्यांच्या नळाला पाणी सोडायचा. मूळचा धारणीकडचा. एरवी खाकी शर्टात असायचा, त्या दिवशी पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला बरं वाटलं. माझ्या सत्काराला वॉचमनसुद्धा इस्त्री करून आला!

"वा सोमलाल!" मी म्हटलं. "जा, गिलासभर पानी आन बरं. अन् हे झाल्यावर वरचे दोन पलंग उतरवाचे हायेत, ध्यानात ठेव."

बायकांच्या रांगेत कुजबूज झाली. सोमलाल धावत गेला, पाणी घेऊन आला. काका माझ्याजवळ येऊन वाकले.

"साहेब, तुमी जरा... ती बाजूची खुर्ची..."

"राहू द्या हो काका, इथं बरा हाय मी. तुमी करा सुरू."

काका भिडस्त माणूस. त्यांनी एकदा सोमलालकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, आज आपल्यातून एक मानूस चाल्ला. अकरा वर्षं त्यानं या कॉलनीले आपलं घर मानलं."

मी मान खाली घातली. लाजायचं होतं ना!

"पहाटे चारले उठून हा मानूस आपल्यासाठी राबला."

मी सात वाजल्याशिवाय उठत नाही. पण सत्काराच्या भाषणात थोडं इकडं-तिकडं चालतं, म्हणून सोडून दिलं.

"कोनाले कधी उलटून बोलला नाही."

हे जरा जास्त झालं, असं मलाही वाटलं.

"कोरोनाच्या दिवसांत सारे घरात बसले होते, तवा यानं दारोदार किराना पोचवला!"

त्या दिवसांत मी दाराच्या फटीतून फक्त यादी देत होतो. आता मात्र माझ्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली. पण माणूस एकदा स्वतःची स्तुती ऐकायला बसला ना, की पालीला कोण विचारतो? डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगतो! शेवटी यांना माझी किंमत कळली. मी बायकांच्या रांगेत छायाकडं पाहिलं. पाहा म्हटलं, पाहा! तीही रडत होती. मी धन्य झालो.

"तं मी आता त्याले विनंती करतो," काका म्हणाले, "का त्यानं पुढं यावं अन्..."

मी उठलो. काकांच्या हातातून माइक घेतला. सफारीच्या खिशातून कॅलेंडरचं पान काढलं.

"मित्रहो, मी काही फार मोठं केलं नाही..."

शांतता. पान पडलं तर ऐकू यावं अशी. मला वाटलं, लोक भारावले.

"तुमी माझ्यासाठी हे जे करून राह्यले, ते मी जन्मभर इसरनार नाही. माझ्या जान्यानं तुमाले किती दुःख होऊन राह्यलं, ते मले दिसते..."

माझं लक्ष छायाकडं गेलं. तिचं रडणं थांबलं होतं. तिनं पदर तोंडावर घेतला होता आणि पदराच्या आतून जोरजोरात नाही नाही अशी मान हलवत होती. तेवढ्यात काका माझ्या कानाशी आले. पण मी आधीच सांगितलं ना, त्यांच्या कुजबुजण्याबद्दल? त्यात माइक माझ्या तोंडाजवळ.

"साहेब, खाली बसा. सोमलालचा सत्कार हाय."

'सत्कार हाय' हे शब्द समोरच्या भिंतीवर आपटून परत आले. पलीकडच्या कॉलनीतला एक माणूस गच्चीवर येऊन पाहायला लागला.

काकांनी कानाशी पुढचं सांगितलं तेव्हा मला कळलं, की सोमलालची पोरगी धारणीकडं शाळेत मास्तरीण झाली आहे, म्हणून तोही आपलं घर गुंडाळून चालला आहे. तोही आमच्याच वर्षी कॉलनीत आला होता. हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. छायानंही मला सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा मी 'किरकोळ' लिहीत होतो.

काय करता?   शेवटी सरकारी नोकरी कामाला आली. चुकीची फाइल गेली, तर तीच बरोबर होती असं दाखवायचं, हे तीस वर्षं शिकलोय.

"तेच म्हनतो मी काका!" मी माइकवर ओरडलो. "मी काहीच मोठं केलं नाही! सारं सोमलालनं केलं! माझ्यासारख्याले हे जन्मभर जमलं नाही, अन् तो जाऊन राह्यला याचं दुःख तुमाले होऊन राह्यलं, ते मले दिसते!"

टाळ्या! काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी लाल चादरीवरून उठून सोमलालला बसवलं. आणि मग काकांनी शाल माझ्याच हातात दिली. म्हणाले, साहेब, आता तुमच्याच हातानं होऊ द्या.

ती शाल त्याच्या खांद्यावर टाकताना मला काय वाटलं, खरं सांगू? खोटं बोलायचं तर कशाला सांगायचं! मला त्या माणसाचा हेवा वाटला. छायाचा वाटत होता त्याच्या दुप्पट. लोक हार घालत होते, म्हाताऱ्या बोटं मोडून त्याची दृष्ट काढत होत्या, आणि माझी बायको, माझ्याच समोर, त्याच्यासाठी हुंदके देत होती. शालही चांगली होती हो. मऊ. माझ्या पिस्ता रंगावर शोभली असती.

काकांनी त्याला बोलायला उभं केलं. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मैं क्या बोलू," तो म्हणाला. "मले बोलता येत नाही. एकच सांगतो. साहेबांची गाडी सकाळी आठची होती. मले ठाऊक हाय. साहेब माझ्यासाठी थांबले. गाडी एक वाजताची केली. गरिबासाठी कोन थांबते?"

आणि त्यानं मला हात जोडले.

कॉलनीनं अकरा वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. मनापासून. देशमुख काकांनी माझी पाठ थोपटली. ज्याला पार्किंग पाहिजे होतं, त्यानंसुद्धा डोळे पुसले. एवढ्या वर्षांची हौस फिटली, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. कारण छाया टाळ्या वाजवत नव्हती. ती फक्त माझ्या सफारीकडं पाहत होती.

कार्यक्रम संपला, मी घरी पळालो. पाच मिनिटांत दारात सोमलाल. शाल घडी करून ठेवून, बाह्या वर करून आला होता.

"साहेब, पलंग उतरवाचे होते ना?"

"राहू दे लेका," मी म्हटलं.  "आज नको."

"मंग कवा? आज तं दोघंही चाल्लो."

त्यानं एक टोक धरलं, दुसरं मी. जिन्यात तीनदा मला थांबावं लागलं, त्याला एकदाही नाही.

मेटाडोर निघाला. मूर्तिजापूर आलं, तशी छाया माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "अकरा वर्षांत तुमी कोनाच्या घरी चहाले गेले?"

"गेलो होतो की, देशमुख काकाकडं."

"त्यायच्या दारावर बोर्ड लावाले गेलते. ते निघून आले बाहेर, तवा चहा भेटला."

ड्रायव्हर इतका हसला की गाडी डांबरावरून खाली उतरली.

मी तिथंच ठरवलं. झालं ते झालं. अमरावतीत नवा डाव. पाट्या नाही, अर्ज नाही, साहेबी नाही. लोकांच्या उपयोगी पडायचं! दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो. बनियन आणि अर्धी चड्डी घालून बिल्डिंगच्या जिन्यावर आमच्या सामानाचा पडलेला कचरा झाडायला घेतला.

दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "ओ भाऊ! नवीन लागले का? मोटर लावा बरं, टाकीत पानी नाही!"

अकोल्यात असतो तर माझा हुद्दा ऐकवला असता. पण डोळ्यांपुढं तो हार होता. म्हटलं, "हो जी!" आणि लावली मोटर.

तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, दुधाची पिशवी वर आणून द्या. दिली. पहिल्या मजल्यावरच्या आजीला कुंड्या सरकवून पाहिजे होत्या. सरकवल्या. तिनं चहा दिला. मी पायरीवर बसून आरामात प्यालो. पहिल्याच दिवशी एवढी माया! असा खूश झालो, असा खूश झालो, की मोटर बंद करायची असते हे विसरलोच.

गच्चीवरची टाकी भरली, वाहिली, आणि पाणी जिन्यानं धबधब्यासारखं खाली आलं. माणसं लुंगी सावरत बाहेर आली. मी चहाचा कप तिथंच ठेवून गुपचूप घरात सटकलो.

नऊ वाजता बेल वाजली. मी खोक्यामागं उभा राहिलो. छायानं दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते, हातात पेढ्याची पुडी. नव्या शेजाऱ्यांच्या स्वागताला आले होते.

"वैनी, काही लागलं तं सांगा. अन् एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. तो नवीन मोटरवाला ठेवला हाय ना कोनीतरी, बनियनवाला? त्याले घरात घेऊ नका. काडीच्या कामाचा नाही. आज संध्याकाळी मीटिंग घेऊन आमी त्याले काढून टाकून राह्यलो."

छायानं पेढे घेतले. शांतपणे म्हणाली, "या ना भाऊ, बसा." आणि खोक्याकडं वळून हाक मारली,

"अहो, ऐकलं का? या खेपेले निरोप समारंभ खरंच तुमचा हाय!"